गाईड अजून आलं नाही!

देगलूर नाक्यावर जुना विद्यार्थी भेटला, चिडलेला. मला वाटलं, लातूरच्या क्लासचं गाईड अडकलं असेल. छे! मोबाइलवरच्या स्लॉट गेममध्ये हमखास जिंकायचं गाईड. पाचशे भरून महिना झाला, म्हणे.

जुगार हराम आहे, हे त्याला मी सांगायची गरज नाही. २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेही त्याला ठाऊक. राग फक्त उशिराचा!

अरे, काही मशिनींत जॅकपॉट साचत जातो, तो भरपूर फुगला तरच खेळणाऱ्याचं पारडं जड होतं, हे खरं. पण ती वेळ चारचौघांना कळली की मशिनीपुढे रांग लागते आणि फायदा संपतो. मग ज्याला ती खरंच कळली, तो तुला पाचशेत विकेल? मटक्याचा चार्ट विकणाराही स्वतः कधी आकडा लावत नाही.

त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "सर, पैसे परत मागू, की अजून आठ दिवस थांबू?"