पबच्या दारावरचं नाव

५ ऑगस्ट २०२३च्या रात्री इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये, हिम्ली गावाजवळचा ‘क्रुकेड हाऊस’ हा पब जळाला. दोन दिवसांत उरलेल्या भिंतीही यंत्र लावून पाडल्या. १७६५ साली शेतघर म्हणून बांधलेली ही वास्तू खाली कोळसा खोदल्यामुळे एका बाजूला सुमारे चार फूट खचलेली. टेबलावर ठेवलेली गोटी चढणीला लागल्यासारखी दिसायची! जगभर हळहळ झाली. २०२४च्या फेब्रुवारीत स्थानिक कौन्सिलने मालकांना पब पुन्हा बांधायचा आदेश दिला.

छानच. पण माझं भांडण या हळहळीशीच आहे. आगीआधीच तो पब बंद होऊन विकला गेला होता. ती बातमी किती जणांनी शेअर केली?

पब म्हणजे नुसत्या विटा नव्हेत. पब म्हणजे परवाना, आणि तो ज्याच्या नावावर आहे ते माणूस. १५५२च्या कायद्याने दोन न्यायाधीशांकडून परवाना घेणं आणि नीट वागण्याची हमी देणं सक्तीचं केलं. खेड्यातला परवानाधारक बऱ्याचदा दिवसा शेती नाहीतर लोहारकी करायचा आणि पब प्रत्यक्षात बायको चालवायची. तो गेला की परवाना अनेकदा तिच्या नावावर व्हायचा. १८३०मध्ये तर दोन गिनी भरून कुणाही करदात्याला बिअर विकायची मुभा मिळाली.

मग शतक संपता संपता ब्रुअरींनी पब विकत घेतले आणि परवानाधारक कूळ झाला. हो, कूळच. भाडं मालकाला द्यायचं, आणि बिअरही त्याच्याकडूनच, तो म्हणेल त्या भावाने घ्यायची. १९८९मध्ये सरकारने दोन हजारांहून जास्त पब असलेल्या ब्रुअरींना लगाम घातला. त्यांनी पब विकले. घेतले कुणी? बिअर न बनवता फक्त पबांची मालकी करणाऱ्या कंपन्यांनी! बाजारभावाने नुसतं भाडं भरून बिअर कुठूनही घ्यायचा हक्क आला थेट २०१६मध्ये, तोही फक्त पाचशे किंवा अधिक असे पब असलेल्या कंपन्यांच्या कुळांना, आणि अटींसह.

आणि खेड्यातल्या पबचा ‘इतिहास’ म्हणून आपल्याला वाचायला काय मिळतं? भूत, भुयार, दरोडेखोर. अठराव्या शतकातल्या परवान्यांच्या नोंदवह्या इंग्लंडमधल्या कितीतरी कौंटी अभिलेखागारांत आहेत. त्यांत गाव आहे, परवानाधारकाचं नाव आहे, त्याला जामीन कोण राहिला तेही आहे. भूत मात्र एकही नाही.