ढाका 'पडले', आणि माणसे?

जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिका येथे सुमारे आठ हजार मुसलमान पुरुष आणि मुले मारली गेली. त्याला वंशसंहार म्हणताना आमची जीभ अडखळत नाही, अडखळूही नये. उर्दूत त्यासाठी 'नस्लकुशी' हा शब्द आहे. पण १९७१ चा पूर्व पाकिस्तान म्हटला की आम्हा उर्दूवाल्यांच्या तोंडी वेगळाच शब्द येतो : 'सुकूत-ए-ढाका'. ढाक्याचे पतन. जणू एक शहर तेवढे पडले, माणसे मेलीच नाहीत!

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी फौज ढाका विद्यापीठात घुसली. जगन्नाथ हॉलमधल्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना गोळ्या घातल्या. डिसेंबरात, शरणागती तोंडावर आली असताना, अल-बद्रच्या टोळ्यांनी प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरांतून उचलून नेऊन ठार केले. हिंदूंना तर वेचून मारले. पण मरणाऱ्यांत मुसलमानही थोडे नव्हते. मृतांच्या आकड्यावर वाद घालता येईल. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, ते काय हवापालटासाठी?

हे एका रात्रीत घडले नाही. मार्च १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात बजावले, राजभाषा उर्दूच. निम्म्याहून अधिक पाकिस्तान तेव्हा बंगाली बोलत होता. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी उतरलेल्या तरुणांवर गोळ्या झाडल्या गेल्या. बंगाली बोलतो तो कच्चा मुसलमान, हा तिरस्कार आधी रुजला. कत्तल नंतर आली. जी उर्दू आम्ही तहजीबची जबान म्हणून शिकवतो, तिचीच काठी झाली.

पुढे काय झाले? युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेले १९५ पाकिस्तानी कैदी १९७४ च्या करारानंतर खटल्याविना घरी गेले. सूड उगवला गेला तो उर्दू बोलणाऱ्या गरीब बिहारींवर. त्यांचेही शिरकाण झाले. वाचलेल्यांच्या पिढ्या छावण्यांत वाढल्या. ढाक्याच्या हायकोर्टाने त्यांचे नागरिकत्व मान्य केले ते २००८ साली.

कोणी म्हणेल, आपल्यावरचे जुल्म काय कमी आहेत, की हे उकरून काढता? मुंबई १९९२-९३ आणि गुजरात २००२ चा न्याय आम्ही मागतोच. पण मारणारा कोण हे पाहून ज्याचे दुःख ठरते, त्याच्या न्यायाच्या मागणीला वजन कुठून येणार?

'मराठी बोलतो तो कसला मुसलमान?' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. ढाक्याची वाट अशाच वाक्यापासून सुरू झाली होती. ते आमच्या वर्गात उच्चारले गेले, तर तिथेच त्याला अडवणे हे आम्हा उर्दू शिक्षकांचे पहिले काम आहे.