चेंडू तुझा, कॉल कोणाचा?

शनिवारी दुपारी आजोळी, बिद्रीला पोचले. (पत्ता एकदम सोप्पा. कोल्हापूरहून गारगोटीची एसटी पकडायची आणि साखर कारखान्याची चिमणी दिसली की बॅग सावरायची.) प्लॅन क्लिअर होता : मामीच्या हातचा तांबडा-पांढरा, दुपारची मस्त झोप आणि मोबाइल सायलेंटवर. पण सोप्यात माझा मामेभाऊ तोंड पाडून बसलेला. बाजूला फुटबॉलचे बूट, लेस न सोडता तसेच ओढून काढलेले.

‘‘काय रे, हरलात?’’

‘‘हरलो न्हवं तायडे, मी हरवलं म्हणं. पुढच्या म्याचला बाहेर बसवलंय.’’

तर झालं असं की, हा कोल्हापुरात एका तालमीच्या टीमकडून मिडफिल्डला खेळतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे हॉबी क्लास नव्हे. पाटाकडील विरुद्ध दिलबहार म्हटलं की शाहू स्टेडियमवर अख्ख्या पेठा उतरतात. 2017च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. अशा ठिकाणी तुमचे लांब पास चुकले, तर गॅलरी काय काय ऐकवते ते इथे छापता येणार नाही.

भावाचे पास चुकले होते. एक नाही, पाच-सहा. पण बोलता बोलता कळलं की बेंचवरून पहिल्या मिनिटापासून एकच आरोळी चालू होती : ‘लांब टाक!’ पुढे एकटा स्ट्रायकर, त्याच्यावर दोघं-तिघं बसलेले. समोरच्या टीमलाही पंधरा मिनिटांत कळलं होतं, की हा उचलून पुढेच मारणार.

त्याला म्हटलं, थांब, तुला एक गंमत दाखवते. मोबाइल काढला आणि लावला अमेरिकन फुटबॉल.

‘‘ह्ये हेल्मेटवालं? हातानं खेळत्यात आणि फुटबॉल म्हणत्यात!’’

आक्षेप मान्य. आपल्याकडे 2012मध्ये एलिट फुटबॉल लीग नावाने हा खेळ आणायचा प्रयत्न झाला, त्यात ‘पुणे मराठाज’ अशी टीमही होती, पण तो काही रुजला नाही. तरी एका बाबतीत हा खेळ जगात भारी आहे. इथे प्रत्येक चालीआधी खेळ थांबतो आणि पुढची चाल बाहेरून सांगितली जाते. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, त्याच्या हेल्मेटमध्ये चक्क स्पीकर असतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद. मग तो आणि त्याचं नशीब! या चाल सांगण्याला म्हणतात प्ले-कॉलिंग. त्यामुळे पास कोणी चुकवला आणि चाल कोणाची चुकली, हे जरा वेगवेगळं बघता येतं.

आता लांब पासचं बघा. हवेतून वीस यार्डांच्या पुढे गेलेला बॉल. त्याला दमदार खांदा लागतो, हे उघड आहे. पण त्याआधी लागतो वेळ. पळणारा भिडू तिथवर पोचेपर्यंत तीनेक सेकंद जातात आणि तोवर समोरची धिप्पाड मंडळी अंगावर येत असतात. त्यांना अडवायला माणसं जास्त ठेवली, तर पळायला कमी उरतात. हा हिशेब फेकणाऱ्याचा नाही, कॉल देणाऱ्याचा. शिवाय दहा यार्ड जायला चारच संधी मिळतात. दोन वाया घालवून तिसरीला पंधरा यार्ड हवे असले की अख्ख्या स्टेडियमला माहीत असतं, आता बॉल लांब जाणार. बचाव आधीच मागे जाऊन उभा! हाच पास पहिल्या संधीला, सगळ्यांना वाटत असताना की आता बॉल घेऊन पळणार, तेव्हा टाकला तर? त्याला प्ले-अ‍ॅक्शन म्हणतात. बॉल पळणाऱ्याच्या हातात दिल्यासारखं करायचं, मधली फळी दोन पावलं पुढे येते आणि तिच्या पाठीमागे मोकळं रान. ती दोन पावलं कॉलनं कमावलेली असतात, खांद्यानं नाही.

याचं जिवंत उदाहरण म्हणजे जॅरेड गॉफ. 2016च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनं पहिल्या नंबरला घेतलेला पोरगा. पहिल्या सीझनमध्ये सात सामने सुरू केले, सातही हरला. पाच टचडाऊन, सात इंटरसेप्शन. एका पासमागे सरासरी 5.3 यार्ड. वाया गेलेला माल, असा शिक्का बसायला आणखी काय लागतं? जानेवारी 2017मध्ये शॉन मॅकव्हे हा अवघ्या तीस वर्षांचा कोच आला. चाली तोच सांगू लागला आणि प्ले-अ‍ॅक्शनचा सपाटा लावला. त्याच सीझनला गॉफचे 28 टचडाऊन, सातच इंटरसेप्शन, सरासरी आठ यार्ड. नवे रिसीव्हर आले होते, समोर अडवणारी फळी सुधारली होती, सगळं खरं. पण खांदा तोच होता ना!

भाऊ आता सरळ बसला होता. मामा शेतावरून आला, हातपाय धुता धुता ऐकत होता. म्हणाला, ‘‘उसाचंबी तसंच की. तुरा आल्यावर तोड आली तर वजन घटणारच. मग म्हणायचं, ऊसच हलका.’’

पण मला भावाला नुसतं गोंजारायचं नव्हतं. म्हणून फेब्रुवारी 2019चा सुपर बोल लावला. रॅम्स विरुद्ध पॅट्रियट्स. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ब्रँडिन कुक्स एंड झोनमध्ये एकटाच उभा, जवळपास चिटपाखरू नाही. चालीनं काम चोख केलेलं. गॉफला तो उशिरा दिसला. बॉल पोचेपर्यंत लांबून धावत आलेल्या जेसन मॅकॉर्टीनं तो उडवला. रॅम्स 13-3 हरले. आणि सामन्यानंतर मॅकव्हेनं सरळ कबूल केलं, की समोरच्या कोचनं मला मात दिली. गॉफचं नाव पुढे करून सुटायची सोय होती, तरीही!

(गॉफला रॅम्सनं 2021मध्ये डेट्रॉइटला देऊन टाकलं, हेही सांगायला हवं. तिथे बेन जॉन्सनच्या चालींवर त्यानं 2024च्या सीझनला 37 टचडाऊन फेकले.)

भावानं ती कुक्सची क्लिप चारदा मागे घेऊन पाहिली.

‘‘पण ह्यानं उशिरा टाकला की.’’

‘‘हो.’’

‘‘माझं दोन तसंच गेलं. बाकीचं चार न्हाई.’’

मी गप्प बसले. कारण एक कन्फेशन आहे बॉस. इंटर्नशिपच्या दिवसांत एका पेपरात मी कितीतरी मॅच रिपोर्ट लिहिले आणि त्यात ‘दिशाहीन लांब पास’ हे तीन शब्द माझे फेवरिट होते. बेंचवरून काय ओरडत होते, हे मी एकदाही ऐकायला गेले नाही. प्रेस बॉक्समध्ये चहा गरम मिळायचा.

रविवारी संध्याकाळी निघताना त्यानं बूट पुसून खुंटीला लावले होते. मॅकव्हेची ती कबुलीची क्लिप त्यानं टीमच्या ग्रुपवर टाकली, खाली काहीही न लिहिता. मुदाळ तिट्ट्याकडून गाडी येईपर्यंत आम्ही दोघं स्टॉपवर उभे राहून स्क्रीनकडे बघत होतो. सरांची ब्लू टिक आली. उत्तर अजून आलेलं नाही.