वरच्याच्या पडण्याची चिंता, खालच्याच्या छातीचे काय?



ॲक्रोबॅटिक जिम्नॅस्टिक्सला मूल घालताना पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: पडणार तर नाही ना? दहीहंडीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या त्याही वरच्या थरातल्या पोरांपायीच. २०१७ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही, असे राज्य सरकारला उच्च न्यायालयात सांगावे लागले. पडण्याची भीती रास्तच आहे. पण खाली उभ्या असलेल्या मुलाच्या हृदयावर काय ताण येतो, हे फारसे कोणी विचारत नाही.

जोडीतला 'बेस' हात ताठ वर करून उभा असतो आणि त्याच्या तळव्यांवर 'टॉप'चा हँडस्टँड. स्थिर पोझ तीन सेकंद धरावी लागते. तेवढ्यात बेसचा चेहरा पाहावा: ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या, श्वास कोंडलेला. लगेच पुढे फेक, झेल, टंबलिंग. आणि संगीत थांबले की धाप लपवून पंचांकडे बघत हसायचे. अडीच मिनिटांपर्यंतचा हा मामला. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ११ ते १६ असा एक वयोगट आहे, म्हणजे पेलणाराही शाळकरीच.

'ताकद आणि लवचिकता हवी, दमाचा खेळ नव्हे हा' हा समज चुकीचा आहे. धावताना नाडी वाढते, तशा स्नायूंतल्या रक्तवाहिन्याही रुंदावतात. वजन पेलून स्थिर राहताना आवळलेले स्नायू त्याच वाहिन्या दाबून धरतात. त्यात श्वास रोखला की रक्तदाब झपाट्याने चढतो, नाडी मात्र त्या मानाने कमी वाढते. मनगटावरचे महागडे घड्याळ इथे अर्धीच गोष्ट सांगते. १९८५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीतला दाब थेट मोजला, तेव्हा दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० वर गेला होता. ते प्रौढ होते, वजनेही अवजड होती. मुलांना तो आकडा चिकटवू नये. निरोगी हृदय असा क्षणिक दाब सोसतेही. पण पोझ धरताना मुलांच्या शरीरातही घडते तेच.

म्हणून उपाय सरावातच हवेत. पोझ धरताना बेसने सेकंद तोंडाने मोठ्याने मोजावेत; बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. दमाचाही सराव हवा: अनेकदा घटक सुटे-सुटे, मध्ये भरपूर थांबून घोटले जातात आणि पूर्ण रुटीन स्पर्धा तोंडावर आल्यावर. मग शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाय लटपटले, की दोष एकाग्रतेला!

राहिले फिटनेस सर्टिफिकेट. इटलीने स्पर्धक खेळाडूंची ईसीजीसह तपासणी १९८२ पासून सक्तीची केली. आपल्याकडे लगेच तेवढे नको, पण सही करण्याआधी डॉक्टरांनी दोन प्रश्न तरी विचारावेत: सरावात कधी चक्कर येऊन पडला का, घरात पन्नाशीच्या आत कोणी हृदयविकाराने अचानक गेले का? आणि दर हंगामाला रक्तदाब मोजावा, तोही मुलाच्या दंडाच्या मापाच्या पट्ट्याने. मोठ्यांचा पट्टा बारीक दंडावर बांधला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

– एक क्रीडाप्रेमी वाचक