नाण्यावरील दुहेरी अक्षरे : दोष डायचा की यंत्राचा?

सदोष वस्तू सामान्यतः स्वस्तात विकली जाते. नाण्यांच्या बाबतीत मात्र कधीकधी याच्या उलट घडते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत १९५५ साली एक सेंटची काही नाणी अशी पाडली गेली की, त्यांवरील सालाचे आकडे व कडेची अक्षरे नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. लिंकनची मुद्रा असलेल्या या नाण्यांपैकी सुमारे २० ते २४ हजार नाणी चांगल्या नाण्यांत मिसळून चलनात गेली, असे मानले जाते. आज त्यांतील चांगल्या स्थितीतील एकेक नाणे हजार डॉलरांहून अधिक किमतीला विकले जाते. ही वार्ता ऐकून अनेकजण घरातील सुटी नाणी भिंगाखाली धरतात आणि अक्षर दुहेरी दिसताच घबाड सापडले असे समजतात. बहुधा त्यांच्या पदरी निराशाच येते.

आमच्या मते यात चूक होते ती पहिल्या प्रश्नाची. दुहेरी अक्षर दिसताच ‘याची किंमत किती?’ असे विचारण्यात येते. वस्तुतः प्रथम विचारावयाचे ते असे : हा दोष नाणे घडण्याच्या कोणत्या टप्प्यावर उत्पन्न झाला?

त्यासाठी नाणे कसे पाडतात हे थोडक्यात पाहू. ज्या पोलादी ठशाने नाण्यावर आकृती उठते त्याला डाय म्हणतात. डायवरील आकृती उलटी व खोलगट असते. ही डाय ज्या दुसऱ्या ठशाने तयार करतात त्याला हब म्हणतात. हबवरील आकृती नाण्याप्रमाणेच सुलटी व उठावाची असते. हब मोठ्या दाबाने कोऱ्या पोलादात रुतविला की डाय तयार होते. पूर्वी हे काम एका दाबात पुरे होत नसे. दाबाखाली पोलाद कठीण होई. म्हणून ते तापवून पुन्हा नरम करावे लागे आणि हब त्याच जागी दुसऱ्यांदा दाबावा लागे. ‘त्याच जागी’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या खेपेस डाय किंचित फिरलेली राहिली, तर पहिल्या आकृतीशेजारी दुसरी आकृती कोरली जाते. १९५५ साली असेच झाले. हा दोष डायमध्ये कायमचा राहतो आणि त्या डायखालून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तंतोतंत तसाच उमटतो. खरी ‘दुहेरी डाय’ ती हीच.

दुसरा प्रकार निराळा आहे. डाय निर्दोष असते, परंतु यंत्रात ती घट्ट बसविलेली नसते. आघात होऊन डाय नाण्यापासून सुटत असता ती किंचित सरकते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड चेपून टाकते. यास यांत्रिक दुहेरीपणा म्हणावे. येथे दुसरे अक्षर उमटलेलेच नसते; पहिल्याच अक्षराची कड दबलेली असते. असा दोष अतिशय सार्वत्रिक असल्यामुळे संग्राहक त्याला मोल देत नाहीत.

हे कारण ध्यानात आले की परीक्षा आपोआप सुचतात. खऱ्या दुहेरी डायमध्ये एका आकृतीत दुसरीची भर पडते. म्हणून अक्षर नेहमीपेक्षा रुंद दिसते, दोन्ही आकृती गोलसर व उठावाच्या असतात आणि अक्षराच्या टोकांशी दुभंगल्यासारखी खाच दिसते. यांत्रिक दुहेरीपणात भर पडत नाही, उलट मूळ अक्षरातून काही खर्ची पडते. अक्षर बारीक होते आणि त्याच्या बाजूस सपाट, चकाकणारी, पायरीसारखी पट्टी दिसते.

दुसरी परीक्षा याहून मार्मिक आहे. अमेरिकन सेंटवर कोठल्या टाकसाळीचे नाणे हे दाखविणारे अक्षर १९८९ पर्यंत प्रत्येक डायवर हाताने वेगळे ठोकीत असत, आणि तेही हबचे काम आटोपल्यानंतर. अर्थात हबच्या चुकीमुळे ते दुहेरी होण्याचे कारण नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीतील १९६९ च्या खऱ्या दुहेरी डायच्या सेंटवर साल व अक्षरे दुहेरी आहेत, परंतु टाकसाळीचे ‘एस’ हे चिन्ह एकेरीच आहे. त्या काळच्या एखाद्या नाण्यावर सालाबरोबर हे चिन्हही त्याच दिशेने तितकेच सरकलेले दिसले, तर दोष यंत्राचा समजावा.

तिसरी परीक्षा तुलनेची. एका डायची नाणी एकमेकांशी जुळलीच पाहिजेत. १९५५ च्या खऱ्या नाण्याच्या मागील बाजूस ‘सेंट’ या शब्दातील ‘टी’ अक्षराच्या डाव्या अंगास बारीक उभ्या रेघा आढळतात. त्या डायवरील ओरखड्यांच्या खुणा होत. या नाण्याच्या नकला पुष्कळ झाल्यामुळे ही खूण विशेष उपयोगी पडते.

याच १९५५ सालची आणखी एक सेंट बाजारात ‘गरिबाची दुहेरी डाय’ या नावाने विकली गेली आहे. तिच्यावरील सालाचा अखेरचा पाच दुहेरी भासतो. परंतु तेथे हब चुकलेला नाही. अनेक नाणी पाडून डाय झिजली, एवढेच. हे नाव आम्हांस आक्षेपार्ह वाटते. गरिबाला स्वस्तात खरी वस्तू मिळते असा भास ते निर्माण करते. प्रत्यक्षात त्याला मिळते ती निराळीच वस्तू. ज्याच्यापाशी पैसे थोडे, त्यालाच अशा नावाचा फटका अधिक बसतो.

यावर कोणी म्हणेल, दोन्ही दोष टाकसाळीचेच. मग एकाला मान व दुसऱ्याची उपेक्षा का? शंका रास्त आहे. उत्तर असे की, डायमधील दोष कायम असल्यामुळे तो पुन्हा पुन्हा पडताळता येतो. यंत्राचा हिसका आघातागणिक बदलतो. तथापि खरी दुहेरी डाय म्हणजे हमखास मोठी किंमत, असेही नव्हे. भिंगाखेरीज न दिसणाऱ्या कित्येक खऱ्या दुहेरी डाय अल्प मोलाच्या आहेत. खरेपणा आणि किंमत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर नाणे देते, दुसऱ्याचे बाजार.

शाळांनी व ग्रंथालयांनी मुलांना किमतींच्या याद्या दाखविण्यापेक्षा एक भिंग आणि मूठभर चालू नाणी द्यावीत. कोणती कड गोल आहे, कोणती सपाट, हे मुलांनी स्वतः पाहावे, चित्र काढावे आणि मग कारण सांगावे. यांत्रिक दुहेरीपणाचे नाणे बाजारात कवडीमोल असले तरी या अभ्यासात ते खऱ्याइतकेच उपयोगी आहे. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे आपण म्हणतो. परंतु जे दिसते ते कशामुळे दिसते हे विचारण्याची सवय जडली, तर फसण्याचे प्रसंग पुष्कळच कमी होतील.