एकाच मशिनवर लोखंड आणि ॲल्युमिनियम? पैसे देण्याआधी हे तपासा

ऐन हंगामात ट्रॉलीचा फाळका निखळला किंवा पेरणीयंत्राचा सांधा तुटला, की फुलंब्री तालुक्यातल्या शेतकऱ्याचा अर्धा दिवस वेल्डिंगच्या दुकानासमोर जातो. त्यामुळे घरीच एक मशिन असावे, असे अनेकांना वाटू लागले आहे. आयटीआयमधून वेल्डर ट्रेड करून गावी परतलेल्या तरुणांना तर त्यात रोजगार दिसतो. छोटी इन्व्हर्टर मशिन आता मोबाइलवरूनही मागवता येतात. त्यांच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असते : ‘लोखंड, स्टील, ॲल्युमिनियम, सगळे चालते.’

यातला शेवटचा शब्द बहुतेक स्वस्त मशिनच्या बाबतीत खरा नसतो. कर्ज काढून मशिन आणायचे आणि पहिलेच ॲल्युमिनियमचे काम परत पाठवायचे, ही वेळ टाळायची असेल तर थोडे समजून घ्यायला हवे.

ॲल्युमिनियम वेगळे का?

ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो, तो वितळायला दोन हजार अंशांहून जास्त तापमान लागते. म्हणजे आतला धातू पाणी होतो, तरी वरची साय तशीच राहते आणि जोड एकजीव होत नाही. शिवाय हा धातू उष्णता झपाट्याने पसरवतो आणि लोखंडासारखा लाल होऊन वितळण्याची पूर्वसूचनाही देत नाही. नवशिक्याच्या हातून भोक पडते ते त्यामुळेच.

ही साय फोडण्याचे काम एसी करंट करतो. करंटची दिशा सतत बदलते. एका दिशेत ऑक्साइड तुटतो, दुसऱ्या दिशेत धातू वितळतो. डीसी करंटवर नेहमीच्या टिग पद्धतीने हे साधत नाही.

‘आर्गन मशिन’ म्हणजे नेमके कोणते?

आपल्याकडे टिगला सरसकट ‘आर्गन’ आणि मिगला ‘सीओटू’ म्हणतात. गोंधळ इथूनच सुरू होतो. बाजारातली बरीच ‘आर्गन’ मशिन फक्त डीसी असतात. त्यांवर स्टेनलेस स्टील उत्तम होते, ॲल्युमिनियम नाही. ‘थ्री इन वन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मशिनमधली टिगसुद्धा बहुधा डीसीच असते.

त्यामुळे मशिनवर ‘एसी-डीसी टिग’ असे स्पष्ट लिहिलेले हवे. इनपुटच्या रकान्यात एसी असतेच, कारण घरातली वीज एसीच आहे. आपल्याला पाहायचा आहे तो आउटपुटचा रकाना.

मिगवरही ॲल्युमिनियम होते. पण त्यासाठी शुद्ध आर्गन, ॲल्युमिनियमची तार आणि ती मऊ तार पाइपात अडकू नये म्हणून स्पूल गन लागते. लोखंडासाठीचा सीओटू सिलिंडर इथे चालत नाही. म्हणजे मशिन एक असले तरी सिलिंडर दोन आणि तारेची रिळेही दोन.

घरची लाइन किती झेपवते?

मशिनच्या नावातला ४०० हा आकडा म्हणजे ४०० अँपिअर, असे समजू नका. साधा हिशेब करा. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सॉकेटमधून जास्तीत जास्त सुमारे ३,७०० वॅट मिळतात. त्यातून रॉड वेल्डिंगसाठी १०० अँपिअरच्या आसपासच करंट निघतो. एवढ्यावर अडीच मिलिमीटरचा रॉड सुखाने चालतो, सव्वातीनचा जेमतेम. २०० अँपिअर हवे असतील, तर स्वतंत्र जाड वायर, योग्य एमसीबी, पक्के अर्थिंग आणि पुरेसा मंजूर भार लागतो.

ॲल्युमिनियमसाठी जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर धरतात. म्हणजे तीन मिलिमीटरला सुमारे १२०. टिगचा व्होल्टेज कमी असल्याने चांगल्या वायरिंगवर एवढे घरीही जमते.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. ‘२०० अँपिअरला ६० टक्के’ म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम, चार मिनिटे विश्रांती. ही मोजणी साधारण ४० अंश तापमान धरून केलेली असते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा त्याच्याही वर जातो, हे लक्षात ठेवा. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल, तर मशिन किती व्होल्टपर्यंत चालते तेही विचारून घ्या.

मग घ्यायचे काय?

आधी मागच्या वर्षभरातली कामे वहीत मांडा. गेट, अँगल, ट्रॉली, वखर, गोठ्याचे शेड ही सारी कामे लोखंडाची. ती उघड्यावर, वाऱ्यात आणि गंजलेल्या धातूवर करायची असतात. तिथे साधे रॉडचे इन्व्हर्टर मशिनच खरे. गॅस नाही, सिलिंडरची ने-आण नाही.

आता ॲल्युमिनियमची कामे मोजा. स्लायडिंग खिडक्या स्क्रूने जोडतात, सोलर पॅनेलच्या फ्रेमला वेल्डिंग लागत नाही. उरतात दुचाकीचे इंजिन कव्हर, दुधाची कॅन, एखादा रेडिएटर. महिन्याला अशी दोन-तीनच कामे असतील, तर ती शहरातल्या आर्गनवाल्याकडे पाठवणे स्वस्त पडते. एसी-डीसी टिगची किंमत रॉड मशिनच्या कित्येक पट असते. वर टॉर्च, रेग्युलेटर, टंगस्टन आणि सिलिंडर. सात घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला दहा लिटरने जेमतेम बारा तास पुरतो.

काम खरोखरच नियमित असेल, तर मात्र २०० अँपिअरचे एसी-डीसी टिग घ्यावे. त्यावर रॉडही चालतो, म्हणून एका मशिनवर दोन्ही धातू हवे असणाऱ्यासाठी हाच प्रामाणिक पर्याय आहे. खरेदीला जाताना ॲल्युमिनियमचा एक तुकडा सोबत न्या आणि समोर जोडून दाखवायला सांगा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसरे दुकान बघा.

मीटर आणि जीव, दोन्ही सांभाळा

घरगुती जोडणीवर स्वतःची दुरुस्ती करणे वेगळे आणि गिऱ्हाइकाचे काम घेणे वेगळे. मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. शेतीपंपाच्या जोडणीलाही हे लागू आहे. धंदा करायचाच असेल, तर मशिनच्या खर्चात योग्य वर्गवारीच्या जोडणीचाही खर्च धरा.

वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये ठरवले. म्हणून मास्क आणि मोकळी हवा हवीच. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर आधी घासून काढा, नाहीतर रात्री ताप भरतो. बंद खोलीत आर्गन साचला तर श्वास कोंडतो. डिझेलची रिकामी टाकी रिकामी समजून कधीही जोडायला घेऊ नका. ट्रॉलीचा हुक आणि ॲक्सल यांवर नवशिक्याने हात चालवू नये. तो जोड रस्त्यावर सुटला तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेततो.

विक्रेत्यांकडूनही एक अपेक्षा आहे. डीसी मशिनच्या खोक्यावर ‘ॲल्युमिनियमसाठी नाही’ एवढी एक ओळ मराठीत छापायला फार खर्च येत नाही. ती छापली जाईपर्यंत आउटपुटचा रकाना गिऱ्हाइकानेच वाचायचा आहे.