विश्लेषण: नवं ग्राफिक्स सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर का चालत नाही? अडतं नेमकं कुठे?

कॅनव्हा कंपनीने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी 'अॅफिनिटी' हे डिझाइनचं सॉफ्टवेअर मोफत करून टाकलं. फोटोवरचं काम, लोगोची रेखाटनं आणि पानांची मांडणी, तिन्ही एकाच ठिकाणी आणि तेही फुकट. पण विंडोज ७ किंवा ८.१ असलेल्या कॉम्प्युटरवर ते बसत नाही, किमान विंडोज १० लागतं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या 'गिम्प ३.०'चंही तेच. म्हणजे सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत, पण ते चालवायला नवी विंडोज लागते आणि अनेकदा त्यासाठी नवा कॉम्प्युटर.

त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा अधिकृत सपोर्टही संपला. आज विंडोज ७ वाले ज्या अडचणीत आहेत, तिथे पुढच्या काही वर्षांत विंडोज १० वालेही येणार आहेत.

कॉम्प्युटर दणकट आहे, मग अडतं कुठे?

कोणतंही सॉफ्टवेअर सगळी कामं स्वतः करत नाही. फाइल उघडणं, फोल्डरचा पत्ता शोधणं, खिडकी दाखवणं अशी शेकडो बारीक कामं ते विंडोजकडून करून घेतं. नव्या सॉफ्टवेअरने एखादं असं काम मागितलं, जे जुन्या विंडोजला माहीतच नाही, तर ते सुरू होण्याआधीच थांबतं. स्क्रीनवर दिसते ती 'अमुक डीएलएल सापडत नाही' ही सूचना.

याचं बोलकं उदाहरण म्हणजे थ्रीडीसाठी वापरलं जाणारं 'ब्लेंडर'. जून २०२१ मध्ये त्याची २.९३ आवृत्ती आली आणि तिने विंडोज ७ सोडलं. कारण थ्रीडीचं नव्हतंच. ब्लेंडरच्या पोटात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा असते. तिच्या ३.९ आवृत्तीने विंडोज ७ ला रामराम केला होता, कारण मायक्रोसॉफ्टनेच जानेवारी २०२० मध्ये त्याचा सपोर्ट थांबवला होता. जी डीएलएल सापडत नव्हती तिचं काम काय, तर फोल्डरचे पत्ते नीट जोडणं! ती सोय विंडोज ८ पासून आली. काही हौशी प्रोग्रामरनी पर्यायी डीएलएल लिहिली आणि विंडोज ७ वर ब्लेंडर २.९३ चालूही लागलं.

याचा अर्थ कॉम्प्युटरची ताकद कमी पडली नव्हती. अमुक विंडोजवर आता तपासणी आणि दुरुस्ती करणार नाही, असा तो निर्णय होता. ब्लेंडर, गिम्पसारखी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे माणसं मोजकी असतात, त्यामुळे त्यांना फार दोष देता येत नाही. पण 'तुमचा पीसी आता कामाचा राहिला नाही' असं दुकानदार सांगतो, तेव्हा ते दर वेळी खरं नसतं एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

ग्राफिक्स कार्डची भानगड वेगळी

इथे मात्र जुगाड फारसा चालत नाही. सॉफ्टवेअर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये ड्रायव्हर असतो आणि तो कार्ड बनवणारी कंपनी देते. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२१ पासून विंडोज ७ आणि ८.१ साठी नेहमीचे नवे ड्रायव्हर बंद केले. त्यामुळे त्यानंतर आलेलं कार्ड जुन्या विंडोजमध्ये घालून उपयोग नाही. उलट बाजूने, ब्लेंडर ४.० ला ओपनजीएल ४.३ लागतं. कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर तिथवर पोहोचत नसेल, तर विंडोज बदलूनही काही होत नाही.

डीएलएल शोधून टाकली तर?

सूचनेतलं नाव गुगलवर टाकलं की ती फाइल फुकट देणाऱ्या साइट रांगेने उभ्या राहतात. डीएलएल म्हणजे चित्र किंवा फॉन्ट नव्हे, तो चालणारा प्रोग्राम असतो. सॉफ्टवेअरला जे करता येतं ते सगळं तिलाही करता येतं. ज्या पीसीवर ग्राहकांच्या फाइल आहेत आणि बँकेचं कामही होतं, त्यावर अनोळखी डीएलएल टाकू नये. त्यात विंडोजचे सुरक्षा अपडेट बंद असतील तर नाहीच नाही.

डीटीपीवाल्यांनी काय करायचं?

महाराष्ट्रात लग्नपत्रिका, फ्लेक्स, हँडबिलं करणाऱ्या कितीतरी दुकानांत जुनं कोरलड्रॉ आणि युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट अजून चालू आहेत. विंडोज बदलली की फॉन्टच्या पॅकेजची डाँगल चालेल का, जुना प्लॉटर ओळखला जाईल का, दहा वर्षांच्या फाइल उघडतील का, हे प्रश्न येतात. त्यामुळे 'अपग्रेड करा' हा सल्ला देणं सोपं आणि पाळणं महाग.

आमच्या मते इथे विचार उलटा करावा. जुन्या विंडोजमध्ये नवं सॉफ्टवेअर कोंबण्यापेक्षा नव्या विंडोजमध्ये जुनी विंडोज ठेवावी. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. त्यात जुनी विंडोज, जुनं कोरलड्रॉ आणि फॉन्ट टाकायचे आणि त्याचं इंटरनेट बंद ठेवायचं. पत्रिकेसारखं सपाट डिझाइन त्यात होतं, थ्रीडी मात्र रखडतं. त्या विंडोजचा परवाना वेगळा लागतो आणि यूएसबी डाँगल चालते का, हे आधी करून बघावं लागतं.

यातलं काहीच जमत नसेल, तर विंडोज ७ वर चालणाऱ्या शेवटच्या आवृत्तीवर थांबावं. गिम्प २.१० तिथे चालतं. अॅडोबीच्या बाबतीत हेही सोपं नाही. २०१९ पासून कंपनी वर्गणीदारांना साधारणपणे ताज्या दोन मोठ्या आवृत्त्याच देते. ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी हा पर्याय सुचवला जातो, पण विंडोज ७ वर क्रोमच १०९ व्या आवृत्तीवर अडकलं आहे.

विंडोज १० वाल्यांना थोडी सवड आहे. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात. त्यासाठी ३० डॉलर लागतात किंवा सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू करून ते मोफतही घेता येतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तो नसेल तर लिनक्स उरतं. ब्लेंडर, गिम्प, क्रिता तिथे चालतात, कोरलड्रॉ मात्र लिनक्ससाठी येत नाही.